वाचलेल्याचा जबाब

अलिबागच्या कोर्टात कोळीवाड्यातला म्हातारा साक्षीदार पेटीत उभा राहिला की तारखेवरून हमखास घोळ होतो. समोरचे वकील विचारतात, "घटना कोणत्या तारखेला घडली?" म्हातारा सांगतो, "उधान व्हतं तवा. नारली पुनव होऊन गेलेली." वकील म्हणतात, "तारीख सांगा, तारीख." म्हातारा चिडतो. "उधान व्हतं सांगतंय ना तुमाला, अजून काय सांगू?" टंकलेखक हात आवरून बसतो, कोणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटतं आणि जबाबात शेवटी "सुमारे ऑगस्ट महिन्यात" असं काहीतरी उतरतं. मग उलटतपासात त्याच "सुमारे"ला धरून म्हाताऱ्याला खोटं पाडायचा उद्योग सुरू होतो. वास्तविक त्याची वेळ कोर्टाच्या वेळेपेक्षा पक्की असते. उधाणाच्या भरतीला पाणी धक्क्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढतं आणि त्या पाण्यात होडी कुठे उभी राहू शकते, हे तो झोपेतही सांगेल. भांडण होडीच्या जागेचं असेल तर हीच माहिती कामाची, तारीख घेऊन काय करायचंय? पण हे कोर्टाला कळायला कोणीतरी पुढचा प्रश्न नीट विचारावा लागतो.

वकिलीत वर्षं घालवली की कोणाचंही बोलणं ऐकताना मनात आपोआप दोन रकाने पडतात. हा काय म्हणतोय, आणि हे त्याला कसं कळलं. घरच्यांना या सवयीचा भारी वैताग येतो. मध्यंतरी आमच्याकडच्या एका वाचनालयात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर व्याख्यान झालं, तेव्हा मात्र तीच सवय डोकं वर काढून बसली. व्याख्यान बरं होतं, प्रश्नोत्तरं त्याहून रंगली. एक तरुण तावातावाने म्हणाला, छावणीतून जिवंत आलेल्या माणसाने सांगितलं की विषय संपला, त्यावर शंका घेणारे आपण कोण? मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अहो, ज्याच्यावर बेतलं त्याला धड काय आठवणार? कागदपत्रं बघावीत." टाळ्या दोघांनाही पडल्या, त्याच लोकांच्या. परतताना वाटत राहिलं की ही माणसं भांडली खरी, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. एकाने वाचलेल्याला देव्हाऱ्यात बसवलं, दुसऱ्याने ओसरीवर. समोर बसून त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं दोघांनीही टाळलं.

त्या गृहस्थांच्या बाजूला वजन आहे, हे आधी कबूल करायला हवं. नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला उभा राहिला तेव्हा अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांनी मुद्दाम जर्मनांच्याच कागदांवर भर दिला. साक्षीदार विसरतो, फितूर होतो, सूडबुद्धीने बोलतो असा आरोप त्याच्यावर करता येतो. आरोपीच्या सहीचा कागद असा सहज झटकता येत नाही. वंशसंहाराच्या गुन्ह्यात तर कागदावाचून गत्यंतरच नसतं. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या करारानुसार कितीही मोठी कत्तल नुसती कत्तल म्हणून पुरत नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो. हेतू मारणाऱ्याच्या डोक्यात असतो. मालगाडीच्या डब्यातून फलाटावर ढकललेल्या बाईला कुत्री दिसतात, बूट दिसतात, गर्दीत दिसेनासं झालेलं आपलं पोर दिसतं. बर्लिनमध्ये टेबलाभोवती कोण बसलं होतं, हे तिला कुठून दिसणार?

पण कागदाला साक्षीदारापेक्षा वेगळी जात समजणं हा भाबडेपणा आहे, आणि तो कोकणात वकिली करणाऱ्याने तरी करू नये. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि शेतात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचा घाम, ही इथली जुनी गोष्ट. तलाठ्याने पीकपाहणीत कुळाचं नाव घातलं नाही की कुळ नव्हतंच, असा कागदाचा कायदा. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळच्या वान्झे इथे झालेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीचं इतिवृत्त काढून पाहावं. युरोपातल्या १ कोटी १० लाख ज्यूंची देशवार यादी त्यात आहे, कारकुनाने घालावी तशी नीटनेटकी. ठार मारण्याची गोष्ट मात्र सरळ कुठेच नाही, पूर्वेकडे रवानगी करायची आहे असं आहे. कागद हाही एक साक्षीदारच, मारणाऱ्याच्या बाजूचा. फरक एवढाच की पेटीत उभं केलं तरी त्याला घाम फुटत नाही.

न्यूरेंबर्गमध्ये पेटीत उभ्या राहिलेल्या मोजक्या वाचलेल्यांत मारी-क्लोद वायां-कुत्यूरिए ही फ्रेंच बाई होती. जानेवारी १९४३ मध्ये २३० फ्रेंच स्त्रियांबरोबर तिला ऑशविट्झच्या नाझी छावणीत नेलं. त्यांतल्या ४९ परत आल्या. २८ जानेवारी १९४६ रोजी तिने सगळं संथपणे, न रडता सांगितलं. मग ज्यूद्वेषी साप्ताहिक काढणाऱ्या स्ट्रायशर या आरोपीचे वकील मार्क्स उलटतपासाला उभे राहिले. त्यांच्या प्रश्नांतला एक असा होता, की एवढं सगळं सोसून आपली प्रकृती इतकी चांगली कशी? तिने उत्तर दिलं की पहिली गोष्ट म्हणजे, मला सुटून वर्ष झालं.

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. धंद्याच्या नजरेने पाहिलं तर तो हुशार प्रश्न आहे. त्यातून थेट काहीच नाकारलं जात नाही. तू जिवंत आहेस, अंगाने बरी दिसतेस, म्हणजे तू सांगतेस तेवढं वाईट नसणार, एवढं हवेत सोडून द्यायचं. असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. मी मेले असते तरच तुमचा विश्वास बसला असता का, असं तिने विचारलं नाही. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची मुभा नसते.

असल्या प्रश्नांपासून वाचलेल्यांना सांभाळायचं म्हणून एका मोठ्या खटल्यात त्यांना बोलावलंच नाही. डेव्हिड अर्व्हिंगने इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट आणि त्यांच्या प्रकाशकावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला होता, कारण त्याला संहार नाकारणारा म्हटलं होतं. अर्व्हिंग स्वतःच स्वतःचा वकील. म्हणजे पेटीत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला "तुमच्या हातावरचा नंबर दाखवा" म्हणायचा हक्क थेट त्यालाच मिळाला असता. लिपस्टॅट यांच्या वकिलांनी ठरवलं की एकही वाचलेला पेटीत जाणार नाही. नकाशे, इमारतींचे आराखडे, कागदपत्रं आणि इतिहासतज्ज्ञ एवढ्यावर खटला लढवला आणि ११ एप्रिल २००० च्या निकालात अर्व्हिंग सपशेल हरला. वाचलेल्यांपैकी काही जणांना हे झोंबलं होतं. आमच्यावरचा खटला आणि आम्हीच बाहेर! त्यांचं दुःख समजतं, पण त्या वकिलांच्या जागी मीही तेच केलं असतं. तिथे मुद्दा होता अर्व्हिंगने पुरावा वाकवला की नाही, आणि त्याला वाचलेल्यांच्या शब्दाची गरज नव्हती. प्रत्येक प्रश्नाला तेच साक्षीदार लागत नाहीत.

मग कुठल्या प्रश्नाला लागतात?

इथे एका बाईची गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत येल विद्यापीठात वाचलेल्यांच्या ध्वनिचित्रित साक्षींचा संग्रह आहे. त्याच्या उभारणीत डोरी लाऊब नावाचे मनोविश्लेषक होते, जे स्वतः लहानपणी छावणीतून वाचले होते. साठीच्या उत्तरार्धातली एक बाई त्यांच्यासमोर ऑशविट्झबद्दल बोलत होती. आवाज अगदी बसका, एकसुरी. आणि मग ७ ऑक्टोबर १९४४ चा दिवस आला. त्या दिवशी दाहभट्ट्यांवर राबवल्या जाणाऱ्या कैद्यांनी उठाव केला होता. त्यासाठीची बंदुकीची दारू शस्त्रांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुलींनी चिमूट चिमूट चोरून आणली होती. ते सांगताना बाईचा आवाज एकाएकी पेटला. चार धुराडी उडाली, ज्वाळा आकाशात गेल्या, माणसं पळत सुटली. क्षणभरच. मग पुन्हा तो बसका सूर.

काही महिन्यांनी इतिहासकारांच्या बैठकीत ही चित्रफीत दाखवली तर त्यांनी मान हलवली. चार नाही, एकच. बाईची आठवण चुकीची आहे, तेव्हा तिच्या साक्षीवर विसंबता येणार नाही, नाहीतर संहार नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. लाऊब यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते ती धुराड्यांच्या संख्येची साक्ष देतच नव्हती. ऑशविट्झमध्ये एक धुराडं उडणं ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती, आणि ती घडलेली तिने पाहिली, याची ती साक्ष होती.

मराठी वाचकाला हा वाद फार परका वाटू नये. "एका बाबतीत खोटा तो सगळ्यात खोटा" असा एक जुना रोमन दंडक आहे, आणि भारतात तो लागू नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. साक्षीतला दाणा आणि फोलपट वेगळं करणं हे न्यायाधीशाचं काम. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमानेही ठरवून ठेवलं होतं की अमुक इतके साक्षीदार हवेतच असं नाही. एकाच्या सांगण्यावरही गुन्हा शाबीत होतो, तो एक भक्कम हवा. तरीही लाऊब यांच्या बाजूने मी पूर्ण उभी नाही. इतिहासकारांची धास्ती खोटी नव्हती. बाईचे चार धुराडे तसेच पुढे जाऊ दिले तर उद्या त्या चारांवर बोट ठेवून कोणीतरी मुलींनी आणलेली दारू, त्यांच्यातल्या चौघींना जानेवारी १९४५ मध्ये दिलेली फाशी, सगळंच खोटं म्हणेल. तिचं ऐकायचं, आणि शेजारी लिहायचं की धुराडं एक होतं. दोन्ही एकाच पानावर. तिचा मान त्याने कमी होत नाही.

चेहऱ्याची ओळख ही आणखी निसरडी जागा. आमच्याकडे ओळखपरेडीवर जेवढे खटले बुडतात तेवढे क्वचित दुसऱ्या कशावर बुडत असतील. जॉन डेम्यान्युक याला अमेरिकेतून इस्रायलमध्ये आणलं, तो त्रेब्लिंका या छावणीतला क्रूर पहारेकरी "इव्हान द टेरिबल" आहे म्हणून. त्रेब्लिंकातून वाचलेल्या अनेकांनी भर कोर्टात त्याला ओळखलं, आणि ती माणसं अणुमात्र खोटं बोलत नव्हती. १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. नंतर सोव्हिएत दफ्तरं उघडली आणि इव्हान दुसराच कोणी असावा असं दाखवणारे जबाब निघाले. १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने शंकेचा फायदा देऊन त्याला सोडलं. ज्या देशाच्या मनात ही जखम एवढी ताजी, त्या देशाच्या कोर्टाने वाचलेल्यांच्या शब्दाविरुद्ध जाऊन हा निकाल दिला, याला छाती लागते. पुढे २०११ मध्ये म्यूनिकच्या कोर्टाने त्याला सोबिबोर या दुसऱ्या छावणीतला पहारेकरी म्हणून २८ हजारांहून अधिक हत्यांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्यात एका ओळखपत्राचा मोठा वाटा होता. अपील चालू असतानाच तो मेला.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती कमी सांगितली जाते. १९७२ मध्ये हँबर्गच्या कोर्टात वाल्टर बेकर नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावर खटला होता. पोलंडमधल्या विएर्झ्बनिक गावातली ज्यू वस्ती ऑक्टोबर १९४२ मध्ये रिकामी करून माणसं मरणाला धाडली, त्यातला हा. गावातली वाचलेली माणसं जगभरातून आली, त्यांनी साक्षी दिल्या. न्यायाधीशाने प्रत्यक्षदर्शींचा पुरावा मुळातच बेभरवशाचा ठरवून सगळ्यांना एका फटक्यात बाजूला सारलं आणि बेकर सुटला. या निकालाने संतापलेले इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी पुढे त्या भागातल्या छावण्यांच्या २९२ साक्षी गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. काही साक्षी १९४५ मधल्या, काही पन्नास-साठ वर्षांनंतरच्या. बारीकसारीक विसंगती निघाल्या. ऑशविट्झला उतरल्यावर तिथला कुप्रसिद्ध नाझी डॉक्टर मेंगेले समोर उभा होता असं अनेकांनी सांगितलं. तो सगळ्यांच्याच आठवणीत शिरलेला असतो, चित्रपटांतून आणि पुस्तकांतून. पण मधला गाभा दशकं उलटली तरी हलला नव्हता. हे कळायला न्यायाधीश महाशयांना २९२ जबाब वाचायची गरज नव्हती, समोर बसलेल्यांचे ताडून पाहिले असते तरी पुरलं असतं. फ्रँकफर्टच्या कोर्टाने ते केलं होतं. तिथल्या ऑशविट्झ खटल्यात डिसेंबर १९६४ मध्ये कोर्टाचे लोक प्रत्यक्ष छावणीत गेले, साक्षीदार जिथे उभा होता म्हणतो तिथून ते दिसतं का, ऐकू येतं का, हे तपासायला. आपल्या भाषेत जागेचा पंचनामा. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीतून पोलंडमध्ये जाऊन! वाचलेल्या माणसाचा याहून मोठा सन्मान मला तरी सुचत नाही.

हे सगळं झालं बोलणाऱ्यांबद्दल. आमच्या किनाऱ्यावर मात्र न बोललेल्यांचा प्रश्न आधी येतो. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली "रामदास" बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती कशी बुडाली हे आम्हाला कोणी सांगितलं? ज्यांना पोहता येत होतं त्यांनी, किंवा ज्यांच्या हाताला काही तरंगतं लागलं त्यांनी. तळाच्या गर्दीत पोराला छातीशी धरून बसलेल्या बाईचा जबाब कुठेच नाही. अपघात आणि संहार एका तागडीत घालायचे नाहीत, त्यात कोणाचाच हेतू नव्हता. पण साक्षीची अडचण तीच आहे.

प्रीमो लेव्ही यांनी हे स्वतःविरुद्ध जाऊन लिहून ठेवलं. ट्युरिनचे रसायनशास्त्रज्ञ, फेब्रुवारी १९४४ मध्ये ६५० जणांबरोबर ऑशविट्झला नेले गेले, परतणाऱ्या मोजक्यांत होते. ते म्हणतात की आम्ही वाचलेले हे खरे साक्षीदार नव्हेत. आम्ही अपवाद. रसायनशास्त्र येत होतं म्हणून, थोडी जर्मन येत होती म्हणून, नेमक्या वेळी आजारी पडलो म्हणून आम्ही तळाला पोचलो नाही. जे तळाला गेले तेच पुरते साक्षीदार, आणि ते परत आले नाहीत. माणसांची विभागणीही ते बुडालेले आणि वाचलेले अशीच करतात. "प्रकृती इतकी चांगली कशी" हा वकील मार्क्सचा प्रश्न, पण इथे तो लेव्ही स्वतःलाच, प्रामाणिकपणे विचारतात. प्रश्न तोच, पण विचारणारा बदलला की त्याची जातच बदलते.

बुडालेल्या-वाचलेल्यांवर एक अख्खा समाज उभा असलेला पाहायचा असेल तर अलिबागहून लांब जावं लागत नाही. नवगावला समुद्राकाठी बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं स्मशान आहे. परंपरा अशी, की कधीतरी, नक्की कधी यावर मतमतांतरं आहेत, एक जहाज इथे फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती इथे पुरली. ग्रंथ समुद्रात गेले. आठवत राहिली ती शेमाची प्रार्थना, शनिवारचा खाडा, सुंता, आणि खाण्यापिण्यातले थोडे निर्बंध. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. बोलणं आमच्यासारखंच मराठी. लेखी पुरावा म्हणाल तर त्या चौदाजणांच्या वेळचं एक चिटोरंही नाही.

मग केव्हातरी डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू इथे आला. हे लोक खरोखर आपल्यातले का, हे त्याला ताडून पाहायचं होतं. त्याने कागद मागितला नाही, वंशावळ विचारली नाही. परंपरा सांगते की त्याने बायकांसमोर माशांची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी बसल्या बसल्या मासे निवडले. ज्यांना खवले आणि पर आहेत ते एकीकडे. उरलेले, म्हणजे मुशी, वाम असलेच असणार, दुसरीकडे सारले. ज्यूंच्या धर्मशास्त्रात नेमका तोच नियम आहे. रहाबीचं समाधान झालं. ही गोष्ट शब्दशः घडली की नाही, मला सांगता येणार नाही, पण उलटतपास म्हणून मी तिच्यावर बेहद्द खूश आहे. जे साक्षीदाराला खरंच ठाऊक असण्याची शक्यता, तेच विचारायचं, त्याच्या हाताच्या कामातून विचारायचं, आणि उत्तर काहीही येवो, ते मान्य करायची तयारी ठेवून विचारायचं.

पुढे हाच समाज इस्रायलला गेला तेव्हा तिथल्या मुख्य धर्मपीठाला पुन्हा शंका आली. १९६२ मध्ये सूचना निघाल्या की यांच्यात लग्न लावण्याआधी पिढ्यांमागची वंशावळ तपासावी. तोपर्यंत त्याच जेरुसलेममध्ये, ज्यूंना छावण्यांत धाडण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइख्मन याचा खटला होऊन गेला होता. एप्रिल १९६१ पासून शंभरावर साक्षीदार बोलले होते, अभियोक्ते गिडियन हाउसनर यांनी न्यूरेंबर्गच्या उलट जाऊन मुद्दाम वाचलेल्यांचे आवाज ऐकवले होते, रेडिओला कान लावून अख्खा देश रडला होता. एका समाजाच्या तोंडच्या शब्दाला एवढं वजन आणि कोकणातून आलेल्यांच्या तोंडच्या शब्दाला कागद मागायचा! बेने इस्राएलांनी मोर्चे काढले, धरणी धरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केल्यावर धर्मपीठ नरमलं. आमच्या इस्राएल आळीतल्या एका काकांकडे हा विषय मी एकदा काढला. मलिद्याचं ताट पुढ्यात होतं, गोड पोहे, खोवलेलं खोबरं, कापलेली फळं. काका म्हणाले, "अगो, चौकशी करू नये असं कोण म्हणतो? आमच्या आज्यापणज्यांचीही झालेली. पण तो पाटी घेऊन आला होता, हे फॉर्म घेऊन आले." मग म्हणाले, "केळं घे. आलियाहू हानबीचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये."

कागद आणि माणूस यांची फारकत किती खोटी आहे, हे वॉर्सात दिसतं. तिथल्या ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने साठेक जणांचा गट जमवून सगळं टिपून ठेवलं. डायऱ्या, रेशनकार्डं, शाळकरी पोरांचे निबंध, छावणीतून पळून आलेल्यांचे जबाब. आपल्या कायद्यात मृत्युपूर्व जबाबाला जे स्थान आहे तेच मी या कागदांना देईन. लिहिणाऱ्या बहुतेकांना कळून चुकलं होतं की आपण उरणार नाही. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये ते पुरले. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम मारले गेले. गटातली तिघंच वाचली. युद्धानंतर वॉर्सात विटामातीचे ढिगारे, रस्ते ओळखू येईनात. वाचलेल्या तिघांपैकी राखेल आउअरबाख यांनी शोधाचा धोशा लावला आणि हेर्श वासेर यांना पुरल्याची जागा माहीत होती, म्हणून सप्टेंबर १९४६ मध्ये पहिला साठा हाती लागला. दुसरा १९५० मध्ये. हजारो पानांचा तो अस्सल कागदी पुरावा एका वाचलेल्या माणसाच्या "इथे खणा" या तोंडी शब्दावर उभा आहे. पुढे याच आउअरबाखबाईंनी आइख्मन खटल्यासाठी साक्षीदार निवडायला मदत केली. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.

आणि आता टांझानियातल्या अरुशाची हकीकत. रुवांडात १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी जमातीची, मारली गेली. त्यातल्या ताबा गावचा प्रमुख जाँ-पॉल आकायेसू याच्यावरचा खटला जानेवारी १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे सुरू झाला. आरोपपत्रात खून होते, छळ होता. बलात्काराचं नावही नव्हतं. जिची ओळख राखण्यासाठी "जे" एवढंच अक्षर नोंदलं आहे अशी एक साक्षीदार दुसऱ्याच गोष्टीबद्दल सांगत होती आणि सांगता सांगता बोलून गेली की आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. सरतपास घेणाऱ्या वकिलाला हे सोडून पुढे जाणं सहज शक्य होतं. आरोपपत्राबाहेरची गोष्ट, आमच्याकडे कोणीही "बाई, विचारलं तेवढंच सांगा" म्हटलं असतं. मी ते कोर्टात अनेकदा ऐकलंय.

तीन न्यायाधीशांपैकी एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्लै. खंडपीठाने तो धागा सोडला नाही, स्वतः प्रश्न विचारले. तेव्हा जे म्हणाली की गावच्या कचेरीच्या आवारातही तरुण मुलींवर बलात्कार झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ऐकीव गोष्ट, पुरावा म्हणून जवळजवळ काहीच नाही. पण मार्चमध्ये दुसरी साक्षीदार आली, तिने स्वतःवरचं सांगितलं. सुनावणी थांबवून तपास झाला, जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं, आणखी बायका बोलायला आल्या. कचेरीतल्या कुठल्याही कागदावर यातलं काही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दिलेल्या पहिल्याच दोषसिद्धीत, बलात्कार हेही गट नष्ट करण्याचं साधन असू शकतं असं लिहिलं गेलं. १९४८ च्या करारातला हेतू त्या बायकांच्या सांगण्यातूनही वाचता आला. फलाटावरच्या बाईला हेतू कुठून दिसणार, असं मी वर लिहिलंय. ताबातल्या बायकांना तो दिसला होता. तोवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं.